‘अवकाश’ आणि ‘रजा’

‘मातृत्व अवकाश’ असे मराठी परिपत्रकात लिहिलेले चालेल का आणि अवकाशाचा खरा अर्थ सुट्टी की अंतराळ, असे एका वाचकाने विचारले आहे. चालणार नाही. ग्रीष्मावकाश, आकस्मिक अवकाश हे हिंदीत शुद्ध आणि सुंदर प्रयोग आहेत. परंतु नैमित्तिक रजा, अर्जित रजा, प्रसूती रजा हे शब्द आपल्या कार्यालयांत पक्के रुळलेले असताना ‘बाई अवकाशावर आहेत’ असे वाक्य ऐकावे लागणे मला क्लेशदायक वाटते.

मराठीत अवकाश म्हणजे मोकळी जागा किंवा मधला वेळ. ‘परीक्षेला अजून अवकाश आहे’, ‘मी सांगायचा अवकाश, की तो निघालाच’ हे प्रयोग सर्वांना ठाऊक आहेत. ‘सावकाश’ हा शब्दही ‘स’ आणि ‘अवकाश’ यांचाच आहे, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते: ज्याच्यापाशी मोकळा वेळ आहे, तो सावकाश चालतो.

व्युत्पत्तीत खरी गंमत आहे. ‘अव म्हणजे खाली, म्हणून अवकाश म्हणजे आकाशाखालचा भाग’ ही फोड अनेक जण अधिकारवाणीने सांगतात. ती साफ चुकीची आहे. मूळ धातू ‘काश्’, म्हणजे प्रकाशणे, दिसणे. प्रकाश आणि आकाश हे शब्दही त्याचेच. मग प्रकाशाच्या धातूतून मोकळ्या जागेचा शब्द कसा निघाला? माझ्या मते याचे उत्तर रानात आहे. दाट झाडीत जेथे उजेड खाली उतरतो, तेथेच मोकळी जागा असते. लॅटिनमध्ये देवराईला ‘लुकुस’ म्हणतात आणि त्याचे मूळ प्रकाशवाचक ‘लुक्स’च्याच कुळातले मानले जाते, आपल्या ‘लोक’ शब्दाचा जुना अर्थही मोकळी जागा असा होता आणि त्याचेही नाते याच कुळाशी जोडतात. दोन वेगळे धातू एकाच वाटेने गेले, याला मी योगायोग मानत नाही. म्हणूनच ‘अवकाशयान’ चूक आणि ‘अंतराळयान’च बरोबर, असा हट्ट धरणाऱ्यांशी माझा पूर्ण मतभेद आहे. अवकाशाचा जागा हा अर्थ संस्कृतातच आहे.

कन्नड आणि तेलुगूत अवकाश म्हणजे संधी. मल्याळममध्ये तो थेट हक्क झाला: ‘मनुष्यावकाशम्’ म्हणजे मानवाधिकार. थाई भाषेने तर एकच शब्द दोन वाटांनी घेतला. संस्कृत रूपापासून झालेला ‘अवकात’ म्हणजे अंतराळ, आणि पाली ‘ओकास’पासून झालेला ‘ओकात’ म्हणजे संधी.

हा ‘ओकास’ महाराष्ट्रातल्या बुद्धविहारांत आजही ऐकू येतो. ‘लवण’चे ‘लोण’ होते, त्याच नियमाने ‘अवकाश’चे ‘ओकास’ झाले. त्रिशरण-पंचशील मागताना ‘ओकास अहं भन्ते’ असे म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ ‘भन्ते, मला अनुमती असावी’ असा असतो. आता ‘रजा’ पाहा. अरबीतून फारसीच्या वाटेने आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ संमती, राजीखुशी. ‘अवकाश’ पालीत ज्या अनुमतीच्या अर्थाला पोहोचला, तेथूनच ‘रजा’ निघाली. परिपत्रकात ‘प्रसूती रजा’ असेच लिहावे.