लिलावातली गणेशपट्टी: आधी मागची बाजू बघ भावा

भावा, लिलावातली गणेशपट्टी, म्हणजे दारावरची गणपती कोरलेली लाकडी पट्टी, खरंच जुनी हाय का म्हणून तू टाकलेले फोटो बघितले, पण सगळे पुढूनच काढलेत की, मागची बाजू दाव आधी. जुन्या कामात पाठीला तासणीचे (सुताराचं लाकूड तासायचं हत्यार) उथळ खड्डे असतात, बोटं फिरवलीस की वर-खाली लागतंय, आणि मशीनच्या कामात एकसारख्या बारीक गोल रेघा दिसतात, पॉलिश मारलं तरी कोपऱ्यात त्या ऱ्हातातच. डाव्या-उजव्या फुलात थोडा फरक असला तर चांगलंच, हाताचं काम असतंय ते. चौकटीत बसवायच्या खाचा हायत का बघ, नसतील तर ती दाराची पट्टी कमी आणि शोपीस जास्त. भोकातनं ताजी पूड पडत असली तर लाकूड पोखरणारा भुंगा अजून जित्ता हाय, बाकीच्या लाकडापासनं लांब ठेव.

पॉलिशपेपर अजिबात मारू नको, जुना थर गेला की किंमत गेली.

साताऱ्याकडं गेलास तर वाईजवळ मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा बघ, जुनं काम ओळखायला डोळा तयार होतो. भाव काढताना ऑनलाईन मागितलेला आकडा धरू नको, लिलावात खरंच कितीला गेलं ते विचार. आणि पावती जपून ठेव, १०० वर्षांवरची निघाली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं परदेशी पाठवता येत नाय, तिकडचं गिऱ्हाईक आलं तरी.