आजीचं असं त्यात काय होतं?

प्रिय सई,

आजीचे दिवस करून वाईहून परतताना विमानात तू विचारलंस, "आई, आजीला घातलेले हार सगळ्यांना घालतात तसलेच होते. आजीचं असं त्यात काय होतं?" मी झोप आल्याचं निमित्त केलं. खरं तर ते फार लागलं मला.

तुझ्या डोळ्यांसमोर तुझ्या मैत्रिणीच्या नॅनची, म्हणजे तिच्या आजीची, अंत्ययात्रा होती, ठाऊक आहे. लीड्समधली ती लांबडी काळी गाडी, काचेआड पांढऱ्या फुलांनी लिहिलेलं 'नॅन', पेटीवर नातवंडांनी रंगवलेली कार्डं. मलाही गहिवरून आलं होतं. ती अक्षरं शेवंतीची होती गं. आजीच्या हारातही शेवंतीच होती.

अप्पा, माझे आजोबा, गेले तेव्हा मी 9 वर्षांची होते. वारकरी माणूस. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, ओसरीवर दिंडीतले सोबती टाळ घेऊन उभे. मी परसातल्या बकुळीखाली बसून फुलं वेचली. बकुळीला सुई लागत नाही, मध्ये आयतंच भोक असतं. केळीच्या सोपात हातभर माळ ओवली आणि पुढे गेले, तर कुणीतरी म्हणालं, "मुलींनी पुढे यायचं नाही." तुझ्या आजीने काही न बोलता माझ्या हातातून माळ घेतली आणि अप्पांच्या उपरण्याखाली, छातीपाशी सरकवली. आम्हां बायकांना तेव्हा स्मशानात जायची मुभा नव्हती. माळ मात्र गेली.

ती लपवून का द्यावी लागली, ते मला आजही पटत नाही. आपल्या रीतींची बाजू मी तुझ्यापुढे घेते, पण हे नाही पटत.

दहाव्याला घाटावर तू कंटाळली होतीस. पिंडाजवळच्या पानावर आजीची आवडती कांदाभजी होती, द्रोणात तिचा बिनसाखरेचा चहा होता. अर्धा तास झाला तरी कावळा शिवेना. मावशी म्हणाली, "आई, धाकटीचं लग्न नीट करू." काही नाही. मग मामा हळूच म्हणाला, "आई, घर वाढवलं तरी परसातली बकुळ तोडणार नाही." आणि कावळा उतरला.

तू हे मानावंस असं मी म्हणत नाही. मी स्वतः कितपत मानते, तेही सांगता येत नाही. पण त्या अर्ध्या तासात आम्ही भावंडं एकच गोष्ट शोधत होतो, आईच्या मनात काय राहिलं असेल. ते मला फुलांच्या अक्षरांइतकंच तिचं वाटतं.

तिची दोन सुती पातळं मी बॅगेतून आणली आहेत. गोधडी शिवावी म्हणते. साधा धावदोरा, तासाभरात जमेल तुला. रविवारी बसावंसं वाटलं तर बस, नाहीतर मी एकटी बसेन, त्याचं काही नाही. निळ्या पातळाच्या पदराला फोडणीच्या तेलाचा डाग आहे. तेवढा तुकडा मी कापणार नाहीये.

तुझी आई