‘मॅग्निफिसंट’ म्हणजे ‘भव्य’च ना?

तुम्ही विचारलंय की ‘मॅग्निफिसंट’चा अर्थ काय आणि सरळ ‘भव्य’ लिहिलं तर चालेल का. राजवाड्याबद्दल असेल तर चालेल. पण फलंदाजाच्या शतकाला इंग्रजी समालोचक हाच शब्द लावतो, तेव्हा मराठीत आपण ‘भव्य खेळी’ म्हणत नाही, ‘देखणी खेळी’ म्हणतो.

शब्द लॅटिनमधून आलाय. ‘मॅग्नस’ म्हणजे मोठं आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणं. म्हणजे जोर नुसत्या आकारावर नाही, करण्यावरही आहे. म्हणूनच पूर्वी हे विशेषण माणसांनाही लागायचं : सढळ हाताने, आपल्या पदाला शोभेल असा खर्च करणाऱ्यांना. इटलीतल्या फ्लॉरेन्सचा सत्ताधीश लोरेंझो दे मेदिची (१४४९–१४९२) ‘इल मॅग्निफिको’ म्हणूनच ओळखला जातो. ऑटोमन सुलतान सुलेमानलाही युरोपने ‘द मॅग्निफिसंट’ म्हटलं. गंमत अशी, की तुर्कांमध्ये त्याचं नाव ‘कानुनी’, म्हणजे कायदे करणारा. परक्यांना दिमाख दिसला, घरच्यांना कायदा!

आज हा शब्द वापरताना मी एकच बघतो : बघणारा थक्क होऊन थांबतो का? मालाचं गोदाम कितीही अवाढव्य असो, ते ‘ह्यूज’ असेल, मॅग्निफिसंट नाही. मोराचा पिसारा मात्र आहे. वेरूळचं कैलास लेणं तर आहेच. आठव्या शतकात एकाच खडकातून, वरून खाली कोरत आणलेलं मंदिर. तिथे ‘मोठं’ आणि ‘केलेलं’ हे दोन्ही अर्थ शब्दशः लागू पडतात. (आपला ‘भव्य’ बिचारा फ्लेक्सवर झिजून गेला. भव्य सेल, भव्य रक्तदान शिबिर, भव्य सत्कार. त्यामुळे भाषांतर करताना मी शक्यतो ‘दिमाखदार’, ‘देखणा’ किंवा ‘डोळे दिपवणारा’ यांतला शब्द घेतो.)

‘व्हेरी मॅग्निफिसंट’ लिहू नका. शाळेत निबंधात मी लिहिलं होतं, बाईंनी ‘व्हेरी’वर लाल रेघ मारली. ‘अतिशय’ त्या शब्दातच आहे. जोर द्यायचाच तर ‘ॲब्सोल्यूटली’ किंवा ‘ट्रूली’ लावा. उच्चारात आघात ‘निफ’वर येतो. आणि ‘म्युनिफिसंट’ हा वेगळा शब्द आहे, त्याचा अर्थ दानशूर. घाईत दोन्हींची गल्लत होते. साहेबांच्या साध्या अहवालाला ‘मॅग्निफिसंट’ म्हणाल तर टोमणा वाटण्याचीही शक्यता आहे.

अर्थाची खरी कसोटी लागते ती एका फ्रेंच वाक्यात. २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियातलं बालाक्लावा. चुकलेल्या हुकुमामुळे सहाशेहून अधिक ब्रिटिश घोडेस्वार थेट रशियन तोफांच्या तोंडावर धावून गेले. ते पाहून ब्रिटिशांच्याच बाजूने लढणारा फ्रेंच सेनानी बॉस्के म्हणाला असं सांगतात : ‘से मान्यिफिक, मे स ने पा ला गेर.’ त्यातला ‘मान्यिफिक’ आपल्या शब्दाचाच फ्रेंच भाऊ. आता इथे ‘भव्य आहे, पण हे युद्ध नव्हे’ असं लिहून बघा, कानाला लागतं. तो आकाराबद्दल बोलतच नव्हता. मी लिहीन : ‘देखणं आहे खरं, पण याला युद्ध म्हणत नाहीत.’