हळदीकुंकवाला तिला कुठं बसवू?

"मॅडम, संक्रांतीला आमच्याकडं हळदीकुंकू असतंय. गल्लीतल्या वीस-पंचवीस बाया येतात. तिला कुठं बसवू?"

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विडी कामगार आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लेकराचं वय २०, जन्मदाखल्यावर मुलगा. मी मुलगी आहे, हे ती दोन वर्षांपासून घरात सांगतेय. समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत आई 'त्याला' म्हणत होती आणि बोलता बोलता पदराचं टोक विडीसारखं वळत होती. यंत्रमागावर काम करणारे वडील तिसऱ्या भेटीला आले. त्यांनी एकच विचारलं, "औषधानं जाईल का?"

हा आजारच नाही, तर औषध कशाचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ट्रान्सजेंडर असणं मानसिक आजारांत धरलेलं नाही. 'बदलून देतो' म्हणणारा डॉक्टर भेटला तर उठून यावं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२मध्ये अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. देवऋषी, गंडादोरा आणि लग्न उरकणं हे नातेवाइकांचे ठरलेले सल्ले. त्यात लग्न सगळ्यांत वाईट, कारण दुसऱ्याच्या घरची पोरही त्यात भरडली जाते.

आईच्या मनात मात्र वेगळंच होतं. "आपण हो म्हटलं तर ती जोगत्यांच्यात निघून जाईल ना?" घर सोडलेल्या बऱ्याच जणी घरानं दार लावल्यावर गेलेल्या असतात. ज्यांनी त्यांना आसरा दिला, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

कामाला सुरुवात नावापासून केली. रोज रात्री जेवताना तरी तिनं निवडलेल्या नावानं हाक मारायची, पाठीमागं बोलतानाही तेच नाव. पाठीमागं जुनं चाललं की तोंडावर हमखास घसरतं. चुकलं तर लगेच दुरुस्त करून पुढं बोलायचं. वडील चुकले की पाच मिनिटं माफी मागायचे, मग तीच त्यांची समजूत काढत बसायची. ते थांबवलं.

नातेवाइकांना कुणी, कधी सांगायचं हे तिनं ठरवायचं. ऐन जत्रेत, घर भरलेलं असताना नाही. आधी पंधरा दिवस, फोनवर, एकेकाला. पहिली निवड आत्याची, कारण तिचा शब्द भावकीत चालतो. सांगायचं दोनच वाक्यांत: "ती मुलगी आहे, तिचं नाव आता हे. आम्ही तिच्यासोबत आहोत." ऑपरेशनची चौकशी आली तर "ते तिचं तिचं आहे" एवढंच. आईनं पहिल्याच फोनवर सगळी हकीकत सांगितली आणि प्रश्न वाढत गेले. दुसऱ्या फोनपासून ती दोन वाक्यांवर थांबली.

मध्येच कळलं, ती मैत्रिणीकडून गर्भनिरोधक गोळ्या आणून खातेय. असं फार जणी करतात. त्या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेननं रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो, धूम्रपान असेल तर जास्तच. हार्मोन घ्यायचेच तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडून, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडून, रक्त तपासून. पायाची पोटरी एकाच बाजूला सुजली, दम लागला, तर वाट न पाहता दवाखाना. जीव नकोसा झाल्याचं बोलणं आलं, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर कधीही फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं.

आता हळदीकुंकू. कुठं बसवायचं हे आईनं ठरवायचंच नव्हतं. तिनं लेकीला विचारायचं होतं. विचारलं, तर लेक म्हणाली, "बसायचं नाही मला. तिळगूळ मी वाटते. आणि बांगड्या हिरव्या." समोर नुसतं बसलं की सगळ्यांच्या नजरा अंगावर, हातात काम असलं की आत-बाहेर करता येतं. फार शहाणी निवड. आम्ही एक भर घातली: जीव घाबरला तर आईकडं पाहून दोनदा पदर सावरायचा, आईनं तिला आत चहा ठेवायला पाठवायचं.

चार बाया आल्याच नाहीत. एक वाण न घेता उठली. आईनं तिला थांबवलं नाही, तसंच ठरलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी मात्र करंडा ओढला आणि पोरीलाही कुंकू लावलं, अगदी सवयीनं. वडील दारातच उभे होते. हाक मारताना जुनं नाव आलं, लगेच नवं म्हणाले आणि चहा मागितला.

पदर एकदाच सावरला गेला.