३० लिटरच्या इलेक्ट्रिक ब्रूइंग भांड्यासाठी कोणतं हीटिंग एलिमेंट घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: बिअर बनवायचं ३० लिटरचं भांडं फ्लॅटमध्ये विजेवर चालवायचंय, अमेरिकेतले लोक ५,५०० वॉटचं एलिमेंट सुचवतात, पुण्यातल्या तापकीर गल्लीतला विजेच्या सामानाचा दुकानदार गिझरचं २,००० वॉटचं हातात ठेवतो, तर यातलं कोणतं घ्यायचं? माझं उत्तर, दोन्ही नकोत. ३,००० वॉटचं घ्या, पण लांब घ्या. लांबीचा उल्लेख तुमच्या प्रश्नात कुठेच नाही आणि खरी मेख तिथेच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, आणि बिअरही त्यात येते. मी भोसरीत स्टीलची भांडी बनवतो, ती परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीच्या (बिअरच्या छोट्या कारखान्याच्या) चाचणी बॅचसाठी. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, डूलाली, २००९ साली पुण्यातच सुरू झाली. तेव्हापासून या शहरात अशा छोट्या भांड्यांना गिऱ्हाईक आहे. तुम्हीही परवान्याचं पाहून मगच माल्टला (मोड आणून वाळवलेल्या धान्याला) हात लावा.

आता ५,५०० वॉट का नको? तो आकडा अमेरिकेतल्या २४० व्होल्टच्या वेगळ्या लाइनचा आहे. आपल्या २३० व्होल्टवर ते एलिमेंट साधारण ५,०५० वॉट देईल आणि २२ अँपिअर ओढेल. आपल्या घरातला मोठा सॉकेट १६ अँपिअरचा. ३,००० वॉटला १३ अँपिअर लागतात, म्हणजे सॉकेटच्या मर्यादेत राहून वर थोडी जागाही उरते. गिझरचा किंवा एसीचा पॉइंट असतो तो याच भाराचा. पण तासन्‌तास १३ अँपिअर चालणार असतील तर आतली वायर निदान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची आहे ना, हे वायरमनकडून बघून घ्या. मी तर ४ चीच ओढायला सांगतो. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. तो चटका देण्याइतका तापला असेल तर सॉकेट सैल आहे, तिथेच थांबा.

३,००० वॉट पुरतात का? हिशोब सोपा आहे. ३० लिटर पाणी २५ अंशांवरून मॅशच्या (माल्ट गरम पाण्यात भिजवण्याच्या) ६८ अंशांपर्यंत न्यायला दीड युनिट वीज लागते. ३,००० वॉटवर अर्धा तास, २,००० वर पाऊण तास. भांड्याच्या अंगातून उष्णता जाते, तेव्हा दहा-पंधरा टक्के वर धरा. नंतर वर्ट (माल्टचं गोड पाणी) उकळीला आणायला साधारण एक युनिट. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्यामुळे आपल्याकडे उकळी ९८ अंशांच्या आसपासच येते, त्यामुळे थर्मामीटर १०० दाखवण्याची वाट बघत बसू नका. खरी कसोटी उकळी टिकवण्याची. तासाला तीन लिटर पाणी वाफ होऊन जायचं असेल तर नुसत्या वाफेलाच १,९०० वॉटच्या आसपास खर्च होतात. २,००० वॉटचं एलिमेंट तिथे धापा टाकतं. उकळी मंद पडली की माल्टमधून येणारा उकडलेल्या मक्यासारखा वास वाफेबरोबर निघून जात नाही, बिअरमध्येच राहतो.

त्यात संध्याकाळी तुमच्या भागात व्होल्टेज २०० वर उतरत असेल तर ताकद पाऊणपटच होते. ३,००० वॉटचं एलिमेंट तेव्हा जेमतेम २,२७० वॉट देतं. ब्रूइंग सकाळी करा.

आता लांबी. पहिलं भांडं बनवलं तेव्हा मी गिझरचंच २,००० वॉटचं छोटं एलिमेंट लावलं होतं. पाण्यावर दोन दिवस चाचणी घेतली, उत्तम चाललं. मग ब्रुअरने निम्मं गव्हाचं माल्ट घालून बॅच लावली. उकळी यायच्या आतच करपलेल्या दुधाचा वास सुटला. भांडं रिकामं केल्यावर कॉइलवर काळा थर दिसला, खरवडूनही निघेना. २५ लिटर वर्ट ओतून द्यावं लागलं आणि त्या माणसाचा अख्खा दिवस वाया गेला. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण चूक माझी होती.

कारण असं. पातळ बुडाच्या पातेल्यात मोठ्या आचेवर खीर लागते, जाड आणि रुंद बुडाच्या पातेल्यात तीच आच पसरते म्हणून लागत नाही. वर्टमध्ये साखर आहे, प्रथिनं आहेत, पिठाचा गाळ आहे. म्हणजे ती खीरच समजा. तेव्हा एलिमेंटच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर किती वॉट पडतात ते मोजायचं. माझ्या त्या एलिमेंटची नळी ८ मिलिमीटर जाडीची आणि तापणारा भाग ५० सेंटीमीटर. पृष्ठभाग झाला १२६ चौरस सेंटीमीटर, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १६ वॉट. पाण्याला हे चालतं, कारण पाणी करपत नाही. वर्टसाठी मी ८च्या वर जात नाही आणि गव्हाची बिअर असेल तर ६. याच जाडीच्या नळीत ३,००० वॉट ६वर आणायचे तर तापणारा भाग २ मीटर लांब लागतो. तो गोल वेटोळं करून बुडात आरामात बसतो.

एवढी लांब कॉइल तयार मिळेलच असं नाही, पण भोसरीत आणि चिंचवडला हीटर बनवून देणारे कारखानदार आहेत. त्यांना वॉट, व्होल्ट, नळीची जाडी, तापणाऱ्या भागाची लांबी आणि भांड्याचा आतला व्यास कागदावर लिहून द्या. २४० नव्हे, २३० व्होल्ट असं ठळक लिहा. माल हातात आला की मल्टीमीटरने रेझिस्टन्स मोजा. १७.६ ओहमच्या जवळ यायला हवा. १९च्या पुढे गेला तर ते २४० व्होल्टचं आहे, तुम्हाला पूर्ण ताकद मिळणार नाही.

नळी ३०४ स्टीलची सांगा. निकेल चढवलेली तांब्याची नळी मी घेत नाही, वर्ट आम्लधर्मी असतं आणि मुलामा कालांतराने सुटतो. इन्कोलॉय (निकेल, लोह आणि क्रोमियमचा मिश्रधातू) मिळालं आणि खिसा परवानगी देत असेल तर ते सर्वांत चांगलं, चुकून कोरडं तापलं तरी लगेच मरत नाही. कोरडं तापू द्यायचं मात्र नाहीच. तापणारा सगळा भाग कायम द्रवाखाली राहील इतक्या खाली बसवा आणि वर जाळीचा खोटा तळ ठेवा, म्हणजे धान्याची पिशवी कॉइलला टेकणार नाही.

सुरक्षेत काटकसर नको. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि भांड्याच्या अंगाला नीट अर्थिंग, या दोन गोष्टींशिवाय मी भांडं कुणाच्या ताब्यात देत नाही. नवीन किंवा पावसाळाभर पडून राहिलेलं एलिमेंट लावताच आरसीसीबी पडली तर ती काढून टाकू नका. नळीतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हवेतला ओलावा ओढते. एलिमेंट ओव्हनमध्ये शंभरच्या थोडं वर काही तास वाळवा आणि पुन्हा तपासा. एसएसआर (एलिमेंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक रिले) लावणार असाल तर तो बिघडला की बहुतेकदा चालू अवस्थेतच अडकतो, म्हणून त्याच्या आधी हाताने बंद करता येईल असा दोन पोलचा स्विच हवाच.

बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी वापरलंत तर कॉइलवर पांढरा थर बसेल, तो लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्याने जातो. वर्टचा तपकिरी थर धुण्याच्या सोड्यात गरम करून काढा. ब्लीच स्टीलला खातं, ते लावू नका.

एकाच पॉइंटवर ३,००० वॉट चालवायचे नसतील आणि दोन वेगवेगळ्या एमसीबीवरचे (भार वाढला की पडणाऱ्या स्विचवरचे) १६ अँपिअरचे पॉइंट असतील तर १,५०० वॉटची दोन एलिमेंट लावता येतील, दोन्हींचा तापणारा भाग मीटरभराचा. तुमच्या डीबीचा (घरातल्या एमसीबीच्या पेटीचा) फोटो टाका, म्हणजे कोणता पॉइंट कोणत्या एमसीबीवर आहे ते बघून सांगतो.