राउटरचा मॅप म्हणजे नुसता पसारा झालाय, कसा लावू?

प्रश्न: आमचं तालुक्यात वायरलेस इंटरनेटचं छोटं काम आहे, ९ टॉवर आणि मायक्रोटिकचे दीडेकशे राउटर. द ड्यूडमध्ये (मायक्रोटिकचंच नेटवर्कवर नजर ठेवायचं सॉफ्टवेअर) डिस्कव्हर मारलं, म्हणजे नेटवर्कवरची उपकरणं आपोआप शोधायला लावली, तर सगळे एकाच मॅपवर येऊन पडले, चिंचोके सांडल्यासारखे, आणि नावाच्या जागी नुसते आयपी. परवा एका टॉवरची लाइट गेली तर मोबाइलवर राउटर बंद पडल्याचे ४३ मेसेज! काय करू?

उत्तर: अहो, डिस्कव्हर आपलं काम करून मोकळं होतं, मांडायचं आपल्यालाच. पहिलं म्हणजे डेटाबेस एक्स्पोर्ट करून ठेवा, मग हात लावा. आता बरेच जण काय करतात, मागे तालुक्याचा नकाशा बॅकग्राउंडला टाकतात आणि गावागावावर राउटर चिकटवतात. दिसतं झकास, पण शेजारच्या गावाची लिंक भलत्याच टॉवरवरून आलेली असते आणि रात्री २ वाजता माणूस चुकीच्या डोंगरावर चढतो. सिग्नल जसा जातो तसं काढा. मेन मॅपवर फक्त गेटवे (बाहेरच्या इंटरनेटला जोडणारा राउटर) आणि ९ सबमॅप, म्हणजे आतले छोटे मॅप, एका टॉवरला एक, बाकी सगळं आत ढकला. आत काही पडलं की बाहेरच्या आयकॉनचा रंग बदलतो, मग डबल क्लिक करून बघायचं. टॉवर टू टॉवर लिंकच्या रेघा तेवढ्या एसएनएमपीवर (राउटरकडून त्याची माहिती विचारून घ्यायची पद्धत) घ्या, म्हणजे रेघेवरच ट्रॅफिक दिसतं, कस्टमरच्या रेघांना तो थाट नको.

नावं मात्र बसून द्या, हे काम कंटाळवाणं आहे, चहा घेऊन बसा. "पाण्याची टाकी, उत्तर सेक्टर" असं नाव असलं की नवीन पोरालाही कळतं, १९२.१६८.८८.१ वाचून कोणाला काय कळणार, तो तर मायक्रोटिकचा डिफॉल्टच आहे.

आता ते ४३ मेसेज. प्रत्येक डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये पेरेंट्स असतं, तिथे टॉवरचा मेन राउटर टाका, म्हणजे बाप पडला की पोरांची बोंबाबोंब बंद. टॉवरच्या राउटरलाही त्याच्या आधीचा टॉवर द्यायला विसरू नका, इथेच सगळे फसतात. आणि प्रोब, म्हणजे डिव्हाइस चालू आहे का ही विचारणा, डिफॉल्टला ३० सेकंदांनी जातो, ५ वेळा उत्तर नाही आलं तरच डाउन धरतो, म्हणजे दोन-अडीच मिनिटं जातात. ते कमी करायच्या फंदात पडू नका, वाऱ्यात लिंक जराशी हलली तरी मेसेज येत बसतील.