निर्बंध उठले, पण घरातले नियम कधी उठवायचे?

‘सरकारने सगळं मोकळं केलं, म्हणून मीही करू? आणि उद्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काही झालं तर?’ 2022 च्या उन्हाळ्यात हा प्रश्न माझ्याकडे इतक्या घरांतून आला, की त्यातल्या एका घराबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

महाराष्ट्रातले कोरोनाचे निर्बंध त्या वर्षी गुढीपाडव्याच्या तोंडावर मागे घेतले गेले आणि मास्क ऐच्छिक झाला. या घरात मात्र एप्रिल 2021 च चालू होता. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायच्या, भाजी तासभर मिठाच्या पाण्यात ठेवायची, सकाळ-संध्याकाळ सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. तेरा वर्षांचा मुलगा शाळेतून आला की थेट बाथरूममध्ये. मैदानावर जायला बंदी. मधुमेह असलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई दोन वर्षांत दवाखाना आणि लसीकरण केंद्र सोडून कुठे गेल्या नव्हत्या. नियम सूनबाईंचे. त्या बँकेत नोकरी करणाऱ्या, हिशेबाला पक्क्या. नवऱ्याशी रोज खटके उडत म्हणून दोघं माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते.

पहिल्या बैठकीत वाद थेट परदेशात पोहोचला. त्या म्हणाल्या, शांघाय अजून बंद आहे, ते लोक काय वेडे आहेत? नवरा म्हणाला, न्यूझीलंडनेसुद्धा शून्य रुग्णांचा हट्ट सोडला. दोघांची माहिती बरोबर होती. मी विचारलं, न्यूझीलंडने तो कधी सोडला? लस हाती आल्यावर, ऑक्टोबर 2021 मध्ये, आणि तोही टप्प्याटप्प्याने. त्याआधीची कडक बंदी फुकट गेली नव्हती. तिने वेळ मिळवून दिला होता. चीनमध्ये मात्र अतिवृद्धांपैकी बरेच जण लशीविना राहिले होते आणि बंदी लांबतच होती. बंदीने मिळवलेला वेळ आपण कशासाठी वापरला, हा प्रश्न मला देशाइतकाच घरालाही लागू वाटतो. या घरात सासूबाईंचे तिन्ही डोस झाले होते आणि मुलाचेही दोन. वेळ सार्थकी लागला होता. तरी नियम तसूभर हलले नव्हते.

का, ते तिसऱ्या बैठकीत कळलं. दुसऱ्या लाटेत सूनबाईंचे वडील गेले होते. बेडसाठी रात्रभर फोन, मग हॉस्पिटलच्या दारात निरोप आणि अंत्यसंस्कार पालिकेच्या माणसांच्या हातून. मी विचारलं, ‘वडिलांना संसर्ग कुठून झाला असं तुम्हाला वाटतं?’ बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘माझ्याकडून. मी डबा द्यायला गेले होते.’

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हा विषाणू सगळीकडे पसरला होता, लक्षणं दिसण्याआधीच माणूस संसर्ग देऊ शकतो, आणि वडिलांकडे त्या आठवड्यात कामवाल्या मावशी, शेजारी, मेडिकलवाला असे बरेच जण येऊन गेले होते. कुणामुळे झालं हे ठरवताच येत नाही. ‘तुमच्यामुळे नाही’ असं ठामपणे मी म्हटलं नाही, कारण तेही मला माहीत नव्हतं. ‘त्या दिवशी डबा का दिलात?’ एवढंच विचारलं. वडील दोन दिवस बिस्किटांवर होते, म्हणून.

साबणाने धुतलेल्या पिशव्या विषाणूला क्वचितच अडवतात. तो मुख्यतः बंद जागेतल्या हवेतून पसरतो. हे त्यांना माहीत होतं. पण ते धुणं प्रायश्चित्त म्हणून चाललं होतं, आणि नुसत्या माहितीने प्रायश्चित्त थांबत नाही.

पुढच्या वेळी मी सासूबाईंना आणायला सांगितलं. ज्यांच्यासाठी एवढी बंदी, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दोन जिने उतरताना त्यांचे पाय थरथरत होते. घरात बसून स्नायूंची ताकद गेली होती, साखरही वाढली होती. हीसुद्धा बंदीचीच किंमत, फक्त ती कुठल्या आकडेवारीत येत नाही. त्यांनी मागणी मांडली ती अशी: ‘अगं, एकादशीला तेवढं मंडळात बसू दे. खिडकीशी बसते, मास्क लावते. चहाला नाही थांबणार.’ सूनबाई पहिल्यांदाच हसल्या.

तिथून पुढे आम्ही भीतीच्या चढत्या क्रमाने गेलो. आधी सोसायटीच्या आवारात रोज फेरी, मग मुलाचं क्रिकेट, मग एन-95 लावून खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत भजन. एसी हॉलमधलं लग्न त्यांनी स्वतःहून लांबणीवर टाकलं, आणि ते मला योग्यच वाटलं. पिशव्या धुणं थांबलं. ताप आलेल्याने वेगळ्या खोलीत झोपायचं, हा नियम राहिला. उरलेल्या प्रत्येक नियमापुढे कालनिर्णयवर फेरविचाराची तारीख लिहिली. तारीख नसलेला नियम घरात ठेवू नका, असं मी आग्रहाने सांगते. घरात कुणी डायलिसिसवर असेल किंवा कॅन्सरचे उपचार घेत असेल, तर हा क्रम डॉक्टरांशी बोलूनच ठरवावा; तिथे सावकाशीचा अर्थ फार वेगळा असतो.

जुलैमध्ये मुलगा पॉझिटिव्ह आला आणि पाठोपाठ आजी. त्या रात्री सूनबाईंचा फोन आला, आवाज कापत होता. पण डॉक्टरांशी बोलून झालं होतं, ऑक्सिजन ठीक होता, खोल्या वेगळ्या केल्या होत्या. आजींचा खोकला दहाएक दिवस राहिला. काही विपरीत घडलं असतं तर? याचं उत्तर मी त्यांना दिलेलं नाही, आणि त्यांनीही मागितलं नाही. भजन एक एकादशी चुकलं, पुढच्या एकादशीला पुन्हा सुरू झालं.

आता त्या एकट्याच येतात. आम्ही त्यांच्या वडिलांबद्दल बोलतो. डब्यात त्या दिवशी काय दिलं होतं, तेही त्यांनी सांगितलं.